दिवा वाढव

माझ्या सुनेनं, कुंतीनं, इथल्या, मॉरिशसमधल्या, सांत्र द फ्लाकच्या बाजारातून टांगता दिवा आणला. मी बजावलं, "जेवणाच्या टेबलावर, जरा खाली टांग. उजेड ताटात हवा, डोळ्यांत नको."

सिक्लोनचा, चक्रीवादळाचा, वारा सुटला. लेक सत्यदेव उसाच्या मळ्यात अडकलेला. विजेच्या तारा ठिणग्या टाकू लागल्या, तशी मी म्हणाले, "दिवा वाढव."

'विझव' म्हणणं अशुभ, म्हणून आम्ही 'वाढव' म्हणतो. पण हिचं सगळं बोलणं क्रेओल, मराठी जेमतेम! "अजून मोठा कसा करू, आई?"

"बंद कर गं, शहाणे!"

तिनं बटण दाबलं. उजेड वाढला. तिनं बल्ब काढला. आणखी वाढला.

दार वाजलं. चिखलानं माखलेला सत्यदेव म्हणाला, "हाच उजेड धरून आलो, आई."

माझा जीव भांड्यात पडला. त्याला पोटाशी धरलं. पण त्या दिव्याला आता काय सांगावं? 'वाढ' म्हणावं तर आणखी वाढणार, आणि 'विझ' तर तोंडातून निघेना.