हात मधे येतायत

"मास्तर, बसा इथे. हलू नका. फोटोला बसल्यासारखे बसा!" काजवालीने आपला मोबाइल थेट मास्तरांच्या नाकासमोर धरला. मास्तरांना जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही, हे चार वर्षं शेजारी बसून काज-बटण करूनसुद्धा तिच्या तोंडाला पटलेलं नव्हतं. ती बोलायचीच.

शिवणकामाच्या कारखान्यात जेवणाची सुट्टी होती. पण जेवतंय कोण! शिवणाऱ्या सगळ्याजणी डबे अर्धे टाकून कटिंगच्या टेबलाभोवती गोळा झालेल्या. एकीने तर धावत जाऊन पंखा बंद केला.

"पंखा कशाला गं?"

"घरघर करतो ना. दोघांना बोलायचंय."

"अगं, दोघंही बहिरे! भाऊ इकडे, बहीण तिकडे, आणि तू उकडून मार आम्हाला!"

सगळ्या फुटल्या हसून. पंखा परत सुरू झाला.

मास्तर मोबाइलच्या काचेकडे बघत होते. ज्यांची कात्री कधी दोराभरही इकडची तिकडे झाली नाही, त्यांनी त्या सकाळी दोन बाह्या उलट्या कापल्या होत्या. त्यांची ताई लांब, समुद्रापलीकडे मुलाकडे राहायला गेली, त्याला नऊ वर्षं झाली. तिला लिहिता-वाचता येत नाही, म्हणजे पत्र नाही. फोनचा तर प्रश्नच नाही. आणि त्यांची हातांची भाषा काही शाळेत शिकवतात ती नव्हे, लहानपणी घरात दोघांनीच जमवलेली. ती येणारी माणसं अख्ख्या जगात दोन.

मास्तरांनी खडू उचलला आणि समोरच्या काळ्या कापडावर लिहिलं, "विसरली असेल तर?"

"विसरतेय कशी!" काजवाली म्हणाली, आणि बटण दाबलंच.

काचेवर एक चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि एकदम ताई! म्हणजे फोटोतली नाही हो, खरीखुरी! पापण्या मिटतायत, चष्मा नाकावरून घसरतोय, हनुवटीवरचा तीळ जिथल्या तिथे. एवढा समुद्र, एवढे डोंगर, आणि बाई तळहातावर!

"अगं आई गं," मागून कुणीतरी म्हणालं. मास्तरांनी बोट पुढे नेलं आणि काचेला टेकायच्या आतच मागे घेतलं, गरम इस्त्रीला लागल्यासारखं.

मग त्यांनी काजवालीच्या हातातून फोन काढूनच घेतला. दोऱ्याच्या रिळांना टेकवून उभा केला आणि तीन पावलं मागे गेले. छातीवर एक थाप, दोन बोटं कपाळाला, मग तळहात उघडून पुढे. ओळखलंस का, असंच काहीतरी असणार.

ताई बघत राहिली. काचभर नुसता चेहरा. डोळे भरून आले. उत्तर नाही.

मास्तरांनी पुन्हा विचारलं. या वेळी सावकाश, तान्ह्याला घास भरवावा तसं. ताई बघतेय. डोळ्यांतून पाणी, बाकी काही नाही. तिसऱ्यांदा मास्तरांचे हात हवेतच अर्ध्यावर थांबले. ते टेबलापाशी आले. कापडावर लिहिलं, "विसरली." शेवटच्या अक्षराला खडू मोडला.

काजवालीच्या तोंडाला त्या दिवशी पहिल्यांदा कुलूप लागलं. सगळ्याच गप्प झाल्या, आणि म्हणूनच फोनमधून तिकडची कुजबुज ऐकू आली. ताईची सून होती, फोन धरून बसलेली. चांगलीच वैतागली होती.

"आई, हात खाली ठेवा ना! केव्हाचे मधे येतायत, म्हणून फोन अगदी तोंडाशी आणून धरलाय मी. मामांना तुमचा चेहरा कसा दिसणार?"

काजवालीने टेबलावरून फोनवर झडपच घातली. "अहो वहिनी! चेहरा गेला खड्ड्यात! फोन मागे घ्या! हात दाखवा, हात!"

"हात? अहो, पण त्या सारख्या हलवतायत..."

"हलवू द्या! बोलतायत त्या!"

तिकडे सगळं गरगरलं. छत दिसलं, खिडकी दिसली, भांड्यांची फळी दिसली. मग फोन कशाला तरी टेकला आणि ताई दिसली, कमरेपासून वरची, पूर्ण.

काय ते हात! धबधबा नुसता. केव्हापासून उत्तरं देत होती कुणास ठाऊक. छातीवर थाप, कपाळाला बोटं, कानाची पाळी ओढून मास्तरांकडे बोट, पुन्हा कानाची पाळी, पुन्हा बोट. त्यांच्या भाषेत मास्तरांचं नाव तेच असणार. तेवढ्यानेच मास्तर मटकन स्टुलावर बसले आणि लगेच उठले, कारण बसून हात पुरेनात.

ताईने गाल फुगवून पोटावर मोठा गोल काढला. मास्तरांनी स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवून तिच्या पांढऱ्या केसांवर टोला हाणला. इथवर सगळ्यांना समजलं. पुढे जे सुरू झालं त्यात कुणाला शिरकावच नव्हता. दहा बोटं इकडे, दहा तिकडे, एकाचं संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू. मास्तर हसले, घशातून मोठा आवाज काढून, आणि दाराशी उभी असलेली एकजण दचकली. तो आवाज कारखान्यात कुणी ऐकलाच नव्हता.

"सहा वर्षं झाली मला या घरात," सून म्हणाली. ती आता फोनच्या बाजूला कुठेतरी होती, दिसत नव्हती. "खा, झोप, ये, पुरे. एवढ्याच खुणा करतात माझ्याशी. मैत्रिणी म्हणतात, नशीबवान आहेस बाई, सासू बोलत नाही."

"आणि आत्ता काय सांगतायत त्या?" काजवालीने विचारलं.

"मला कुठे कळतंय," सून हळूच म्हणाली. मोठ्याने बोललं तर सासूबाई थांबतील, अशी भीती वाटावी तसं. "मीसुद्धा पहिल्यांदाच ऐकतेय."