खाली सही सरांची

पहिलं पाप विभागप्रमुखांचं. परदेशात इंजिनिअरिंगच्या एम.एस.साठी जे शिफारसपत्र लागतं, ते सरांनी स्वतः लिहायचं असतं. पण या साहेबांचा हात फक्त सहीपुरता हलायचा. "तुझं मी बघतो," ते शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याला म्हणाले, "तुझ्या रूम पार्टनरचं तू लिहून आण. चार वर्षं एका खोलीत राहताय, तुलाच जास्त माहिती. त्याला मात्र सांगू नकोस."

दोघांचेही अर्ज एकाच विद्यापीठात, एकाच कोर्सला जाणार होते. त्याने पानभर चांगलंच लिहिलं आणि शेवटी एकच वाक्य घुसडलं: 'सांगितलेलं काम नेटाने करतो, पण स्वतःहून काही सुचत नाही.' सरांनी न वाचता सही ठोकली.

त्याला प्रवेश मिळाला, पार्टनरला नकार आला. तरी निघायच्या दिवशी त्याच्या फुगलेल्या बॅगेवर बसून चेन ओढत होता तो पार्टनरच.

"लेका, आता सांगायला हरकत नाही. तुझं पत्र सरांनी माझ्याकडून लिहून घेतलं होतं. प्रोजेक्टमधल्या पंपाचं डिझाइन आपण दोघांनी केलं ना, ते सगळं मी तुझ्या एकट्याच्या नावावर टाकलं. म्हटलं, एकाचं तरी काम होऊ दे."

त्याला बॅगेचा पट्टा काही केल्या लागेना.




"बरं, माझं पत्र कुणाकडून लिहून घेतलं रे त्यांनी? तुला माहितीये?"