विरोध एक

"वाचनालयातून थेट आलात वाटतं, टिळेकर?" अध्यक्ष म्हणाले आणि माझ्याखेरीज सगळे संचालक हसले. आमच्या सहकारी बँकेच्या ठेवी परदेशी रोख्यांत गुंतवायच्या होत्या. असा ठराव एकमतानेच व्हायचा. "माझा विरोध लिहा," एवढंच मी पुटपुटलो. ठराव बारगळला.

वर्षभर मला वाटत राहिलं, आपण ग्रंथपाल, पुस्तकी माणूस, चुकलोच. मग अमेरिकेत मोठी बँक बुडाली आणि ते रोखे मातीमोल झाले. शेजारच्या बँकेचे पैसे त्यांतच होते.

सोमवारी आमच्याही दारात रांग लागली. अध्यक्षांचा चेहरा उतरला. मी भीतभीत पुढच्या बाईंना विचारलं, "ठेव काढायचीय?"

"तिकडून काढून आणलीय," पदराखालची पिशवी दाखवत त्या म्हणाल्या. "इथे ठेवायचीय."

अध्यक्षांनी किल्ल्या माझ्या हातात दिल्या. "वाचनालयाला आज उशीर होऊ द्या, टिळेकर. शटर तुम्ही उघडा."