कोंडाजीची बाटली

“ह्ये रोज गिळायचं?” कोंडाजीने हिरव्या अर्काचा थेंब जिभेला लावला आणि प्रयोगशाळेच्या खिडकीतून बाहेर थुंकला.

“बेडकीच्या वेलीच्या पाल्याचा अर्क आहे. जेवताना दोन चमचे,” लोणावळ्याचे डॉक्टर म्हणाले. “आणि दर सोमवारी लघवीची बाटली आणायची. या पाल्याने साखर उतरते का, ते तुमच्यावरून कळेल.”

त्यांनी नळीतल्या निळ्या औषधात कोंडाजीची लघवी घालून ती दिव्यावर उकळली. निळ्याचं विटकरी झालं.

“भरपूर साखर आहे. म्हणून पायाची जखम भरत नाही. दुर्लक्ष केलंत तर पाय कापावा लागेल, कोंडाजीराव.”

कोंडाजी हादरला खरा, पण भाजे गावात घरी पोचेपर्यंतच. अर्क उकिरड्यावर जाऊ लागला. सोमवारी त्याने रिकामी बाटली बायकोपुढे ठेवली.

“तुजी भरून दे. डाक्तरला काय कळतंय!”

शालूबाईने तोंडाला पदर लावला; पण दिली भरून.

नळी पुन्हा विटकरी झाली. म्हणजे शालूलाही साखर! परतताना गाडीत त्याच्या डोळ्यांपुढे एका पायावर भाकरी थापणारी शालू दिसत होती. तिला सांगावं, तर घाबरून अंथरूण धरायची.

त्या दिवसापासून उकिरडा अर्काला मुकला. घरात दोघंच, जेवायला बरोबर बसत. ती पाणी आणायला उठली, की कोंडाजी तिच्या आमटीत दोन चमचे ओती. तिला नेमकं तेव्हाच गोठ्यात म्हैस सुटल्यासारखी वाटे, आणि तो निमूट उठून पाहून येई. म्हैस जागेवरच असे. शालूबाई आमटीबद्दल चकार शब्द काढत नसे. त्यालाच आपली आमटी कडू लागे. काळजीने तोंडाची चव गेली, दुसरं काय!

तिचा गूळ तोडायचा म्हणून त्याने स्वतःचाही तोडला. “मला नगं, मग तुला तरी कशाला?” एवढंच म्हणाला.

दर सोमवारी नळीचा रंग बदलत गेला. विटकरीचा पिवळा, पिवळ्याचा हिरवा. आठव्या सोमवारी निळं ते निळंच राहिलं. डॉक्टरांनी त्याला मिठी मारली.

“जखमही सुकली! पुढच्या सोमवारी मुंबईचे डॉक्टर येताहेत. त्यांच्यासमोर इथंच ताजा नमुना द्यायचा.”

कोंडाजी घरी आला तो उंबऱ्यावरच बसला.

“अगं, सोमवारी माजी लय फजिती व्हनार. डाक्तरला मी फसवलं. पर त्येचं काय न्हाई. तुला साखर झालती, मी सांगितलं न्हाई. आमटीतनं औषध घातलं. आता गेली तुजी साखर. तुजा पाय वाचला, बास!” बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले.

शालूबाई खुदकन हसली.

“अवो, तुमी आमटीत काय वताय लागला, तवापासनं ताटं मी बदलतीया.”

“आँ? मग बाटलीतली तुजी साखर गेली कशी?”

“माजी?” ती लाजून दुसरीकडे बघत म्हणाली. “मला न्हाई बाई असलं जमत. पाय दुखतोय म्हून तुमी पहाटं भाईर न जाता मडकं भरून ठेवताय न्हवं, त्यातलीच वतत हुते!”