जुन्या मशीनचा गोडवा

हनीफभाईंनी ऑर्केस्ट्रासाठी नवा ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर आणला आणि त्यांच्या गिटारीतला गोडवाच गेला. वडनेरच्या लग्नात लोकांनी तोंडं वाकडी केली. संग्रामपूरला तर नवरदेवाच्या मामानं गाणं मध्येच थांबवलं. हनीफभाई तिथंच रागारागानं बटणं फिरवत बसले.

“वॉल्व्हच्या जुन्या मशीनची सर याले नाही बे! उद्याच विकून टाकतो.”

तबला आवरता आवरता शेषराव म्हणाला, “मशीनले काऊन दोष देता, भाई? हे बटण दाबलं का लगेच चालू होते. जुनं तापाले दहा मिनिटं लागत.”

“मंग?”

 

“तेवढ्या वेळात तुमी तारा सुरात लावत होते.”