बंद खोलीतील बाळंतीण

सुज्ञ वाचकहो, प्रसूतीसमयी आपले माणूस जवळ नसल्यास स्त्रीच्या मनाची काय अवस्था होते, हे मी माझ्या अल्पमतीनुसार पुढील मोजून शंभर शब्दांत आपणांपुढे नम्रतापूर्वक निवेदन करीत आहे.

खर्ड्यास सन एकाहत्तरच्या वैशाखात प्रसूत झालेली सून बाळास जवळ घेईना. पहिल्या बाळंतपणी माहेरी आईने तिची पाठ चोळिली होती; या खेपेस सासरी ती एकटीच विव्हळली. बाधा समजून सासूने खोलीचे दार लावून ठेविले. बाळ भुकेने सुकू लागले, तेव्हा पतीने शिंगणापूरहून तिच्या आईस आणिले. आईने दार उघडिले. “वारं लागंल, विहीनबाई,” सासू म्हणाली. “आमच्याकडं घरांना दारंच न्हाईत.” “तिथं शनिदेव राखनीला हाय. हितं मी एकटीच.” “मग बसा दारात,” म्हणत आईने मुलीचे मस्तक मांडीवर घेतले. पदर धरून मुलगी बोलली, “आये, मला ह्या लेकराचं भ्या वाटतं.” आई म्हणाली, “तू झालीस तवा मलाबी वाटलं हुतं.” “मग कवा घेतलंस मला?” “ध्यानात न्हाई, पर घेतलं.” सासूने बाळ दोघींमध्ये आणून निजविले.

हे लहानसे लिखाण आपण शांतचित्ताने वाचिलेत, याबद्दल मी आपणां सर्वांचा अत्यंत ऋणी आहे. आपला नम्र, सहादेव रंगनाथ ढोकणे, मुक्काम खर्डा, तालुका जामखेड.