यंत्राची जांभई

शेवंताच्या लेकीचं बारसं झालं, त्या वर्षी वर्तमानपत्रांनी बातमीसाठी आलेली पत्रकं वाचणारी यंत्रं बसवली. कंटाळा आला की यंत्र जांभई देई आणि पत्रक परत येई.

शेवंताच्या कारखान्यात अधू माणसाचे पाय उचलून त्याला चालवणाऱ्या विजारी बनत. त्यांची बातमी छापून आली नाही, तर कारखाना बंद पडणार होता.

“‘कळविण्यास अत्यंत आनंद होतो’ म्हटलं की झोपतंय मेलं!” ती वैतागली.

“माझं लिही की, सूनबाई,” आप्पा म्हणाले. “अंथरुणातला म्हातारा तुझी विजार घालून उठला, तो थेट शेजारच्या गणूशी कोंबड्यावरून भांडायला गेला!”

तिने तेवढंच लिहून पाठवलं.

यंत्राने लगेच विचारलं, “मग? जिंकलं कोण?”

बातमी पहिल्या पानावर आली. कारखाना दोन पाळ्यांत चालू लागला. आप्पा गणूशी मनसोक्त भांडत राहिले आणि नात पहिलीत गेली, त्या जूनमध्ये वारले.